समुद्रातील गवत व पाण्याची वाढती उष्णता

गुरांच्या पोषणासाठी गावास ज्याप्रमाणे गायरानाची आवश्यकता असते, त्याचप्रमाणे उथळ समुद्रातील मासळीस गवताच्या कुरणांची आवश्यकता असते. कोळंबी, खेकडे व अनेक जातींच्या माशांची पिल्ले या कुरणांत आसरा घेतात व तेथेच पोसली जातात. गवताची मुळे तळाचा गाळ धरून ठेवतात व पाती लाटांचा जोर कमी करतात. अलीकडे समुद्राचे पाणी तापत असल्याने ही कुरणे काही ठिकाणी नष्ट होत आहेत, तर काही ठिकाणी त्यांतील जाती बदलत आहेत. किनाऱ्यावरील गावांत काम करणाऱ्या ग्रामसेवकांस व शेतकऱ्यांस या फेरबदलांची माहिती असणे इष्ट होय.

समुद्रगवत म्हणजे काय?

समुद्रगवत व शेवाळ या दोन भिन्न वस्तू आहेत. शेवाळास खरी मुळे नसतात व फुले येत नाहीत. समुद्रगवत ही मात्र ज्वारी-भाताप्रमाणे एकदल वर्गातील सपुष्प वनस्पती आहे. तिचे खोड हरळीप्रमाणे गाळाखालून आडवे पसरते. त्याच्या पेरांतून खाली मुळे व वर पाती फुटतात. बहुतेक जातींत परागीभवन पाण्यातच होते व बीही तेथेच धरते. जगात समुद्रगवताच्या साठाहून अधिक जाती आहेत. भारतात त्यांची सर्वांत मोठी कुरणे तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत पाल्कचा उपसागर व मन्नारचे आखात येथे आहेत. समुद्रगाय या नावाने ओळखला जाणारा सस्तन प्राणी मुख्यतः याच गवतावर जगतो. त्याच्या रक्षणार्थ २०२२ साली पाल्कच्या उपसागरात राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले आहे.

उष्णतेचा परिणाम कसा होतो?

वनस्पतीची वाढ ही जमाखर्चाची बाब आहे. दिवसा सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाने अन्न तयार करतात, ही जमा होय. श्वसनासाठी अन्न खर्ची पडते व हा खर्च रात्रंदिवस चालू असतो. पाणी ऊबदार होऊ लागले म्हणजे प्रथम जमा व खर्च दोन्ही वाढतात व वाढ जोमदार होते. परंतु एका मर्यादेपुढे अन्ननिर्मिती घटू लागते आणि श्वसनाचा खर्च मात्र वाढतच राहतो. मग वनस्पती खोडात साठविलेले अन्न मोडून खाऊ लागते. हा साठा संपला की गवत मरते.

यात प्रकाशाचा प्रश्नही गुंतलेला आहे. गढूळ पाण्यात तळापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो व अन्न कमी तयार होते. थंड पाण्यातील गवत असा तुटवडा काही काळ सोसू शकते. उष्ण पाण्यात खर्च वाढलेला असल्याने ते सोसू शकत नाही. म्हणजेच पाणी जितके तापेल, तितके ते अधिक स्वच्छ असावे लागते.

तिसरे कारण गाळात आहे. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मुळांकडे प्राणवायू पुरेसा गेला नाही म्हणजे गाळात तयार होणारा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू मुळांत शिरतो व वाढीचे कोंब मारतो. पाणी साचलेल्या शेतात पिकाची मुळे गुदमरतात, तशातलाच हा प्रकार होय.

चेसापीक उपसागरातील अनुभव

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास झाला आहे. तेथील प्रमुख गवत झोस्टेरा मरीना हे थंड पाण्यातील असून पंधरा ते वीस अंश सेंटिग्रेडच्या सुमारास चांगले वाढते. पंचवीस अंशांपुढे त्यास ताण पडू लागतो व तीस अंशांच्या आसपास पाणी बरेच दिवस राहिल्यास ते मरते. या किनाऱ्यावर त्याची दक्षिण सीमा चेसापीकच्या खाली थोड्याच अंतरावर, उत्तर कॅरोलिना राज्यात आहे. अशा सीमेजवळील गवतास थोडीही जास्त उष्णता घातक ठरते.

२००५ सालच्या उन्हाळ्यात उपसागराच्या खालच्या भागातील पाणी तीस अंशांवर गेले व गवताची फार मोठी हानी झाली. पुढील वर्षी गाळातील बियांपासून नवीन रोपे उगवली, हे खरे. तथापि या गवताचे बी गाळात सुमारे एक वर्षच जिवंत राहते आणि नवीन रोपास पहिल्या वर्षी सहसा फुले येत नाहीत. त्यामुळे लागोपाठ दोन वर्षे वाईट गेली तर जुने गवत मेलेले, नव्याने बी धरलेले नाही व गाळातील बी संपलेले, अशी अवस्था होते. घरचे बियाणे पेरून दुबार पेरणीची पाळी आलेल्या शेतकऱ्यास ही अडचण वेगळी समजावून सांगावयास नको.

१९९१ पासूनच्या सुमारे पंचवीस वर्षांत चेसापीकमधील झोस्टेराचे क्षेत्र एकूण २९ टक्क्यांनी घटले. खोल पाण्यातील गवत मुख्यतः गढूळपणामुळे गेले व उथळ पाण्यातील गवत मुख्यतः उष्णतेमुळे. खालून व वरून अशा दोन्ही बाजूंनी गवताचा पट्टा अरुंद होत गेला.

जागा बदलणे व जाती बदलणे

एक जात हटली म्हणजे काही ठिकाणी दुसरी जात पसरते. चेसापीकमध्ये झोस्टेराच्या जागी रुपिया मॅरिटिमा हे उष्णता सोसणारे गवत वाढले आहे. परंतु वसंत ऋतूत पाऊस जास्त होऊन नद्यांतून खताचा अंश व गाळ पुष्कळ आला की हे गवत एकाएकी घटते. यास्तव हिरवा तळ दिसला म्हणून पूर्वीचेच कुरण टिकून आहे असे समजणे चूक होय.

हॅलोफिला स्टिप्युलेसिआ ही तांबड्या समुद्राकडील उष्ण पाण्याची जात १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यानंतर भूमध्य समुद्रात शिरली व तेथे पसरली. सर्वसाधारणपणे उष्ण पाण्यातील जाती ध्रुवांच्या दिशेने सरकतात व थंड पाण्यातील जातींची सीमा मागे हटते.

हानी किती जलद होऊ शकते याचे उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे मिळते. २०१०-११ च्या उन्हाळ्यात तेथील पाणी नेहमीपेक्षा दोन ते चार अंशांनी अधिक तापले व सुमारे ३६ टक्के कुरणांना हानी पोहोचली. त्याच उष्णतेने खेकडे व शिंपल्यांचे उत्पन्न घटले व २०१२ साली त्यांची मासेमारी काही काळ बंद ठेवावी लागली.

बियांची पेरणी

व्हर्जिनिया राज्याच्या महासागराकडील उथळ खाजणांतील झोस्टेरा १९३० नंतरच्या रोगाने व १९३३ सालच्या वादळाने साफ नाहीसा झाला होता. त्याबरोबर तेथील शिंपल्यांचा धंदाही बुडाला. १९९९ पासून शास्त्रज्ञांनी व स्वयंसेवकांनी वसंत ऋतूच्या अखेरीस बी धरलेले कोंब गोळा केले, वाहत्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत बी वेगळे करून उन्हाळाभर जपले व शरद ऋतूत होडीतून हाताने फोकून पेरले. वीस वर्षांत सुमारे दोनशे हेक्टरांवर सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या व त्यांपासून कुरण आपोआप वाढून सुमारे ३,६०० हेक्टर झाले.

हे यश जागेच्या निवडीमुळे मिळाले. या खाजणांत शेतीतील गाळ व खत फारसे येत नाही व भरतीबरोबर महासागराचे थंड पाणी आत येते. २०१५ साली उष्णतेच्या लाटेने तेथीलही काही गवत मेले, परंतु पाणी स्वच्छ असल्याने पुढील काही वर्षांत ते पुन्हा भरून आले.

आपल्या किनाऱ्याशी संबंध

१९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाची उष्णता सरासरीने सुमारे एक अंशाने वाढली. येथील जाती उष्णता अधिक सोसतात. पण भर उन्हाळ्यात दुपारची ओहोटी आली की उथळ डबक्यांतील गवत त्यांच्याही मर्यादेपाशी पोहोचते. कोकण व गोव्याच्या काही खाड्यांत कांदळवनालगतच्या चिखलात हॅलोफिला बेकारी हे बोटभर उंचीचेही नसलेले गवत आढळते. ते जगात थोड्या ठिकाणी उरलेले असून, चिखल म्हणून ती जागा भरावाखाली घेतल्यास कायमचे जाते.

समुद्राची उष्णता एखाद्या गावास कमी करता येणार नाही. मात्र पाणी स्वच्छ राखणे पुष्कळ अंशी गावाच्या हाती आहे व त्यायोगे गवताची उष्णता सोसण्याची शक्ती टिकते. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) उतारावरील जमिनीत बांधबंदिस्ती करावी व मशागत उतारास आडवी करावी. शेतातील माती शेतातच राहिली तर पिकाचा व खाडीचा दोहोंचा लाभ होतो.

(२) नत्रखत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. जोराच्या पावसाच्या तोंडावर देऊ नये. वाहून गेलेल्या खताने पाण्यात शेवाळ माजते व गवतावर सावली पडते.

(३) ओढ्यांच्या व खाडीच्या काठावरील झाडोरा व कांदळवन राखावे.

(४) गवत असलेल्या उथळ जागी तळ खरवडणारी जाळी ओढू नयेत, होड्यांचे नांगर टाकू नयेत व भराव घालू नये.

(५) ग्रामसेवकांनी अनुभवी कोळी बांधवांकडून गवताच्या जागा समजून घ्याव्यात व दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्यानंतर ओहोटीच्या वेळी त्या पाहून गवताचा विस्तार व पात्यांचा रंग यांची नोंद ठेवावी. पाती तपकिरी पडू लागल्यास ती उष्णतेच्या ताणाची खूण असू शकते.

डोंगरउतारावरील शेतकरी व खाडीतील कोळी यांचे उत्पन्न एकाच पाण्याने जोडलेले आहे. शेतातून निघणारे पाणी निवळ असेल, तर तापलेल्या समुद्रातही गवतास तग धरण्याची संधी मिळेल व त्याच्या आश्रयाने वाढणारी मासळी टिकेल.