जुनी भीती आणि दारूचा दिलासा
(लेखमाला : व्यसन आणि मेंदू, लेखांक ५)

रोजची दारू एकाएकी बंद झाली की हात का थरथरतात, झोप का उडते, हे मागच्या लेखात पाहिलं. दारू मेंदूला शांतवणाऱ्या गाबाला बळ देते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवते. तोल सांभाळायला मेंदू उलटा जोर लावत राहतो, आणि दारू गेली की तो जोर तेवढा मागे उरतो. अशा दिवसांत एखादी जुनी भीती जागी झाली तर काय होतं, हा आजचा विषय.

अर्जेंटिनातल्या कोर्दोबा विद्यापीठात इरेने मार्तिहेना, व्हिक्टर मोलिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा उंदरांवर अभ्यास केला. यातली मूळ पद्धत साधी आहे. उंदराला नव्या पिंजऱ्यात सोडतात, जरा हुंगू-फिरू देतात आणि मग पायाखालच्या गजांतून विजेचा हलका झटका देतात. दुसऱ्या दिवशी त्याच पिंजऱ्यात ठेवलं की झटका नसतानाही तो जागच्या जागी थिजतो. मिशा थांबतात, मान हलत नाही, श्वासाबरोबर कूस तेवढी वरखाली होते. तो किती सेकंद थिजला, हेच भीतीचं माप. झटका न देता पुन्हापुन्हा तिथे ठेवलं, तर निरोगी उंदराची भीती हळूहळू ओसरते.

दारूची सवय लावून मग ती तोडलेल्या उंदरांची भीती मात्र ओसरेना. या गटाचा हा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला. नंतरच्या कामातून आणखी गंभीर गोष्ट पुढे आली. भीतीची आठवण जागी असतानाच अशा उंदराला दारू मिळाली, तर तिची ओढ वाढते. दारूने त्याला काही सुख दिलं असं नाही, तिने भीतीपासून सोडवलं. आणि सुटका ज्याने होते ते मेंदू फार पक्कं शिकतो. दारू तुटल्यावर पुन्हा प्यायला लागलेल्या माणसाला ‘मनाचा कच्चा’ ठरवण्याआधी हे शिकणं समजून घ्यायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. भीतीचं केंद्र म्हणजे अमिग्डाला. दारू तुटण्याच्या काळात तिथे सीआरएफ या ताणाच्या रसायनाची पातळी चढते, हे उंदरांमध्ये 1995 मध्येच मोजलं गेलं होतं. म्हणजे आधीच तापलेल्या जागी जुनी आठवण येऊन पडते.

यावर उपाय? कोर्दोबाच्या संशोधकांनी डी-सायक्लोसेरिन वापरून पाहिलं. आपल्याकडे साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर दिलं जाणारं सायक्लोसेरिन ते हेच. मेंदूत ते ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहीला मदत करतं आणि ‘इथे आता धोका नाही’ हे शिकणं सोपं होतं. दारू तुटलेल्या उंदरांचीही भीती त्याने ओसरू लागली.

पण इथे घाई परवडत नाही. पिंजऱ्यातली भेट लांबली, तर भीती ओसरायला वेळ मिळतो. भेट थोडक्यात आटोपली, तर जागी झालेली आठवण पुन्हा घट्ट बसते, आणि तेच औषध भीतीला अधिक पक्कं करू शकतं. जागी झालेली आठवण काही तास अशी कच्ची का राहते, ते पुढच्या आठवड्यात.