बॉनेटखालचा बिनबोलावलेला पाहुणा

आमेर म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवतात ते मिर्झाराजे जयसिंग आणि १६६५ चा पुरंदरचा तह. कछवाह घराण्याची ही जुनी राजधानी. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी जयपूर वसविले आणि आमेरचे राजकीय महत्त्व ओसरले. परंतु किल्ल्याचे आकर्षण कायम राहिले. राजस्थानातील ज्या सहा डोंगरी किल्ल्यांना २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत आमेरचा समावेश आहे.

हिवाळ्यात महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे स्वतःची मोटार घेऊन या भागात सहलीस जातात. गाडी मुक्कामाच्या आवारात दोन-तीन दिवस उभी राहते, आणि परतीच्या सकाळी किल्ली फिरवूनही इंजिन सुरू होत नाही, असा प्रसंग ओढवू शकतो. बॉनेट उघडल्यावर कुरतडलेल्या तारा, चिंध्यांचे घरटे आणि लेंड्या दिसल्या की अपराधी कोण याविषयी शंका उरत नाही. जयपुरात नवे वाहन प्रथम मोतीडुंगरीच्या गणपतीसमोर पूजेसाठी नेण्याची प्रथा आहे. गणरायाच्या वाहनाने आपल्या वाहनावर दात धरावा, हा दैवाचा विनोदच म्हणावा लागेल. अर्थात हा उपद्रव आमेरपुरता मर्यादित नाही. मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांतील वाहनतळापासून तालुक्याच्या गावातील धान्य गोदामाशेजारील अंगणापर्यंत तो सर्वत्र आढळतो.

कुरतडण्यामागील कारण

उंदीर, घूस आणि खार हे कृंतक वर्गातील प्राणी. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. उंदराचा दात न झिजल्यास वर्षभरात सुमारे दहा-बारा सेंटिमीटर वाढेल, इतका हा वेग असतो. दाताच्या पुढील बाजूस कठीण दंतवल्क असते आणि मागील भाग तुलनेने मऊ असतो. त्यामुळे कुरतडताना मागचा भाग लवकर झिजतो व पुढची धार आपोआप तीक्ष्ण राहते. म्हणजेच कुरतडणे ही त्याची खोड नसून शरीराची गरज आहे. तारेवरील मऊ प्लास्टिक या कामी त्याला सोयीचे पडते.

काही नव्या मोटारींतील तारांच्या आवरणात सोयाबीनपासून मिळविलेले घटक वापरले जातात व त्यामुळे उंदीर आकर्षित होतात, असा दावा करीत अमेरिकेत २०१६ मध्ये वाहनधारकांनी न्यायालयात धाव घेतली होती. तथापि सोयाबीनचा वापर होण्यापूर्वीच्या साध्या प्लास्टिकच्या ताराही उंदीर कुरतडत असत, हे विसरता येत नाही. दोष केवळ आवरणाचा नाही. आसरा, ऊब आणि जवळपासचे अन्न ही खरी आमंत्रणे होत.

या दृष्टीने आमेरचा परिसर बोलका आहे. अरवलीच्या झुडपी टेकड्या, जुन्या दगडी भिंतींतील फटी, पर्यटकांनी टाकलेले खाद्यपदार्थ आणि कबुतरांसाठी उधळलेले धान्य हे सारे तेथे एकत्र येते. जानेवारीच्या रात्री तेथील पारा बऱ्याचदा दहा अंशांखाली उतरतो. अशा वेळी नुकतीच येऊन थांबलेली गाडी म्हणजे उंदरासाठी तापलेली चूलच. चिचुंद्रीवर मात्र विनाकारण आळ घेतला जातो. ती कृंतक नसून कीटकभक्षी आहे. झुरळे खाऊन ती उपकारच करते.

इतर देशांत अपराधी निराळे असतात. कॅलिफोर्नियातील सिक्वोया राष्ट्रीय उद्यानाच्या मिनरल किंग भागात मार्मोट नावाचा प्राणी रेडिएटरच्या नळ्या कुरतडतो, म्हणून पर्यटक आपली गाडी ताडपत्रीने वेढून ठेवतात. जर्मनीत हाच उपद्रव मार्टेन हा मांसाहारी प्राणी करतो आणि तेथील विमा कंपन्यांकडे त्याचे असंख्य दावे येतात.

नव्या गाडीला धोका अधिक

जुन्या मोटारीत तार तुटली तर दिवा लागत नसे किंवा भोंगा वाजत नसे. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक व धूरनियंत्रण यांचे काम संवेदक आणि संगणकीय नियंत्रकाच्या आधारे चालते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे या जाळ्याचे महत्त्व आणखी वाढले. चाकाजवळची बारीकशी तार तुटली तरी एबीएस ही ब्रेक यंत्रणा निकामी होऊ शकते. इंधनाची रबरी नळी कुरतडली गेली आणि उघड्या तारेतून ठिणगी उडाली, तर गाडी पेट घेण्याचा धोका संभवतो. म्हणून प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाइतकाच जीविताचाही आहे.

विम्याचे गणित

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार केवळ त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. त्यातून उंदराने केलेल्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी ‘स्वतःच्या वाहनाचे नुकसान’ हा भाग असलेली पॉलिसी लागते. येथे एक बाब ग्राहकांनी व कर्ज विभागातील कर्मचाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी त्रयस्थ पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण अनेकदा एकाच वर्षाचे असते. ‘तीन वर्षांची पॉलिसी आहे’ या समजुतीत दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जाते. नजरगहाण ठेवलेली गाडी अशी असंरक्षित राहिल्यास नुकसानीचा भार कर्जदारावर पडतो, आणि गाडी कार्यशाळेत असली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि नैसर्गिक झीज यांची भरपाई प्रमाणित पॉलिसीत मिळत नाही. मात्र ‘बाह्य कारणाने झालेला अपघात’ या जोखमीचा तीत समावेश असतो. उंदराने तार तोडली हे बाहेरून आलेले कारण आहे, आपोआप झालेला बिघाड नव्हे, हा दावेदाराचा मुख्य मुद्दा असतो. आगीची जोखीम तर स्वतंत्रपणे नमूद असते. तरीही पॉलिसीतील अटी खरेदीपूर्वीच वाचणे श्रेयस्कर.

भरपाई देताना रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये अनिवार्य वजावट होते. शिवाय दावा केल्यास ‘नो क्लेम बोनस’ जातो. दावा न केलेल्या सलग वर्षांसाठी ही सवलत क्रमाने २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी वाढत जाते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. लहान मोटारीचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालकास ५० टक्के सवलत मिळत आहे. दुरुस्तीचे देयक ६,००० रुपयांचे असून त्यात ४,००० रुपये प्लास्टिकच्या भागांचे व २,००० रुपये मजुरीचे आहेत. घसारा २,००० रुपये आणि वजावट १,००० रुपये वगळता हाती ३,००० रुपये पडतील. उलट दाव्यानंतर सवलत शून्यावर येऊन पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास पाच वर्षे लागतील. मूळ हप्ता कायम धरल्यास या काळात अनुक्रमे ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० व ६०० म्हणजे एकूण १५,००० रुपये अधिक भरावे लागतील. साहजिकच तीन हजारांसाठी दावा करणे तोट्याचे ठरते. मात्र संपूर्ण वायरिंग बदलावे लागून देयक ६०,००० रुपयांवर गेले, त्यात प्लास्टिकच्या दराने घसारा लागणारे भाग ५०,००० रुपयांचे असले, तर ३४,००० रुपये मिळतील आणि दावा करणे हितावह होईल. ‘शून्य घसारा’ किंवा ‘बोनस संरक्षण’ ही जोड-संरक्षणे घेतली असल्यास हे गणित बदलते.

दावा करताना

गाडी सुरू करण्याचा वारंवार प्रयत्न करू नये. दातांच्या खुणा, लेंड्या व घरटे यांची छायाचित्रे घ्यावीत आणि इंजिन धुण्यापूर्वी कंपनीला कळवावे. पाहणीपूर्वी दुरुस्ती केल्यास पुरावा नाहीसा होतो. दावा फेटाळला गेल्यास लेखी कारण मागावे. कंपनीकडे तक्रार करूनही महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुण्याप्रमाणे जयपुरातही लोकपालांचे कार्यालय आहे.

प्रतिबंध हाच उत्तम उपाय

गाडी कचराकुंडी, धान्य किंवा झुडपांजवळ उभी करू नये. गाडीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. दोन-तीन दिवसांतून एकदा ती चालवावी व बॉनेट उघडून पाहावे. रात्री बॉनेट उघडे ठेवण्याची जुनी पद्धत बंदिस्त आवारात उपयोगी पडते, कारण उंदराला उजेड आणि मोकळेपणा मानवत नाही. खालच्या मोकळ्या जागेत सहा मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी कार्यशाळेतूनच बसवून घ्यावी. मिरचीतील तिखट द्रव्य लावलेली चिकटपट्टी होंडा कंपनीने तारांसाठी उपलब्ध केली आहे. तंबाखूची पाने वा सुगंधी फवारे यांचा परिणाम वास टिकेपर्यंतच राहतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ गाडीच्या आत शिरून प्रवाशांना अपायकारक ठरू शकते. विष तर टाळावेच. विष खाल्लेला उंदीर इंजिनातच मरून पडल्यास त्रास दुप्पट होतो. त्याऐवजी आवारात पिंजरे लावावेत. घरटे काढताना हातमोजे घालावेत, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो.

सहलीस निघण्यापूर्वी हवा, तेल आणि पाणी तपासण्याची सवय बहुतेकांना असते. त्या यादीत स्वतःच्या नुकसानीच्या विम्याची अंतिम तारीख आणि बॉनेटखालची एक नजर, एवढ्या दोन गोष्टींची भर घातली तर परतीचा प्रवास निर्धास्त होईल.