आडनावाचा माग

एका आडनावाची सारी माणसे एकाच कुळाची, हा समज जुन्या दप्तरापुढे टिकत नाही. कांबळे कोल्हापुरात आहेत तसेच लातुरातही. त्यांचा मूळपुरुष एक असेलच असे नाही. म्हणून आम्ही आडनावाआधी गाव आणि वडिलांचे नाव पाहतो. फार मागे गेल्यास आडनाव उरतच नाही. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर 1818 च्या लढाईतील महार सैनिकांची नावे ‘नाक’ या प्रत्ययाने कोरलेली आहेत. आडनाव बदलतेही. सकपाळ कुळातील बाबासाहेबांची 7 नोव्हेंबर 1900 ची साताऱ्याच्या शाळेतील नोंद ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. केवळ ‘सकपाळ’ शोधणाऱ्यास ते पान सापडणार नाही.

मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा माजी विद्यार्थ्यांना हा शोध टळत नाही. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14 येथून आरंभ करावा. जुनी पाने मोडीत असतात. आजोबांनी शाळा पाहिलीच नसेल (आपल्यांत ते नवल नव्हे), तर त्यांच्या भावाची नोंद उपयोगी पडते. मात्र दोघांचे वडील एकच, हे वंशावळीने दाखवावे लागते, आणि ती नावे बहुधा घरातील एखाद्या आजीलाच ठाऊक असतात.