अजिंक्यताऱ्यावरून सांगली दिसेल का?

मित्रांनो, साताऱ्याला आलात तर अजिंक्यताऱ्यावर जरूर जा. 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला हा किल्ला. बुलंद बुरुजांमधले महाद्वार ओलांडून तटावर या. पायथ्याशी शहर पसरलेले. भोवती यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर!

एका सहलीत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दुर्बिणीतून सांगलीचा आयर्विन पूल दिसेल?" कृष्णेवरचा 1929 सालचा हा दगडी पूल इथून सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटरांवर आहे. हिशेबच करून पाहू.

पृथ्वी गोल असल्याने आपली दृष्टिरेषा क्षितिजापाशी जमिनीला स्पर्श करून पुढे अवकाशात निघून जाते. स्पर्शबिंदूशी ती त्रिज्येला काटकोनात असते, म्हणून पायथागोरसचा सिद्धांत लावता येतो. त्यातून मिळणारे सूत्र सोपे आहे : मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला 3.57 ने गुणा. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये येते. गड सांगलीच्या पातळीहून सुमारे 450 मीटर उंच. 450 चे वर्गमूळ 21.2, म्हणजे अंतर 76 किलोमीटर. हवेतील वक्रीभवनामुळे आणखी पाच-सहा किलोमीटर मिळतील. मधले डोंगर नाहीत असे धरले, तरी पूल क्षितिजाखालीच! तिथे दुर्बीण काय करणार?

दूरवरचे दिसावे म्हणून गड उंचावर बांधले. दूरदर्शनच्या लहरीही जवळजवळ सरळ रेषेतच जातात. म्हणून दूरदर्शनचा मनोराही याच गडावर उभारला गेला.

सांगलीकर मित्रांनो, मिरजेजवळच्या दंडोबावर जाल तेव्हा डोंगराची उंची विचारून घ्या आणि तिथले क्षितिज किती दूर, ते तुम्हीच काढा.