गुलाबी रंगाची साक्ष

पत्त्यांच्या नादाने घरे बुडाल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आगगाडीत वेळ जावा म्हणून चार डाव टाकले आणि पुढे त्या पत्त्यांवरच खुनाच्या खटल्यात वाद घालण्याची पाळी आली, असे सांगितले तर वाचकांना ते रहस्यकथेतले वाटेल. मी कॉलेजात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला तिच्यातली परीक्षानळी आधी दिसली आणि माणसे नंतर. माणसे मात्र तेव्हापासून मनातून गेलेली नाहीत.

आयर्लंडच्या प्रश्नावरून इंग्लंडात बॉम्ब उडत होते, त्या काळातली ही गोष्ट. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री बर्मिंगहॅम शहरातल्या दोन पबमध्ये स्फोट झाले. २१ माणसे ठार झाली, १८० हून अधिक जखमी झाली. सारे शहर संतापाने पेटले. त्याच संध्याकाळी बर्मिंगहॅमला राहणारे पाच आयरिश गृहस्थ बेलफास्टकडे निघाले होते. त्यांच्या ओळखीचा एक जण आठवड्यापूर्वी कॉव्हेंट्रीत बॉम्ब ठेवताना स्वतःच मेला होता, त्याच्या अंत्यविधीला ते चालले होते. गाडीत ते पत्ते खेळले. बंदरावर पोलिसांनी त्यांना अडवले. सहाव्याला दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅममध्ये पकडले.

मोरकम येथील पोलीस ठाण्यात सरकारी शास्त्रज्ञ डॉ. फ्रँक स्क्यूज यांनी या पाच जणांचे हात तपासले. पद्धत सोपी होती. हात ईथरच्या बोळ्याने पुसायचे, त्यात कॉस्टिक सोडा घालायचा आणि मग ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचे द्रावण टाकायचे. गुलाबी रंग आला, की नायट्रोग्लिसरीन, म्हणजे स्फोटक! दोघांच्या बाबतीत स्क्यूज यांनी न्यायालयात सांगितले, की यांनी स्फोटके हाताळली याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे.

आता माझ्या वर्गातल्या मुलांना विचारा. क्षाराच्या पृथक्करणात आधी प्राथमिक परीक्षा, मग खात्रीची परीक्षा. दुसरी केल्यावाचून जो उत्तर लिहील त्याचे गुण मी कापत असे. कारण प्राथमिक परीक्षा नुसता संशय दाखवते. हाताला हिंगाचा वास आला म्हणून त्याने शेजारची आमटीच खाल्ली असे आपण म्हणत नाही. हिंग लोणच्यातही असतो. तसाच तो गुलाबी रंग नायट्रोसेल्युलोजनेही येतो, आणि नायट्रोसेल्युलोज असते कित्येक व्हार्निशांत, रोगणांत आणि पत्त्यांवरच्या चकचकीत लेपात!

बचाव पक्षाचे तज्ज्ञ डॉ. ह्यू ब्लॅक यांनी हा आक्षेप तेव्हाच घेतला होता. तो मानला गेला नाही. चौघांच्या कबुलीजबाबांवर सह्या होत्या. त्या मारहाण करून घेतल्या, असे आरोपी सांगत होते. तेही मानले गेले नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. इंग्लंडात खुनाबद्दलची फाशी तोवर बंद झाली होती, एवढेच त्यांचे नशीब.

१९८५ साली दूरदर्शनवरील ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ या कार्यक्रमाने हीच परीक्षा पुन्हा करवून घेतली. जुने पत्ते हाताळलेल्या हातांनीही गुलाबी रंग दिला. तरीसुद्धा जानेवारी १९८८ मध्ये अपील फेटाळले गेले. शेवटी पोलिसांच्या नोंदींच्या कागदांवर उमटलेले दाब विजेच्या साह्याने तपासले, तेव्हा त्या नोंदी पोलीस सांगत होते तशा लिहिल्या गेल्या नव्हत्या, असे दिसले. म्हणजे एका शास्त्रीय तपासणीने घातलेली गाठ सोडवायला दुसरी तपासणी कामी आली. १४ मार्च १९९१ रोजी सहाही जण सुटले. सोळा वर्षांहून अधिक काळ गेला होता. बापाचा हात धरून चालणारी पोरे तोवर मोठी झाली होती.

पुढे, १९९७ साली, अशी जुनी प्रकरणे तपासण्यासाठी इंग्लंडात स्वतंत्र आयोग सुरू झाला. ते योग्यच झाले. पण माझ्या मनात येते ते वेगळेच. प्रयोगशाळेच्या माणसाला कोणी वैर नव्हते, आणि नळीतला रंगही खराच होता. रंगाने फक्त एवढेच सांगितले होते, की हाताला नायट्रोजनचे अमुक एक संयुग लागले आहे. ‘हाच खुनी’ हे वाक्य रंगाचे नव्हे, माणसांचे होते. संतापलेल्या शहराला ते ऐकायचे होते.

म्हणून वर्तमानपत्रात ‘प्रयोगशाळेच्या अहवालाने गुन्हा सिद्ध’ असा मथळा वाचला, की मी घरातल्या मंडळींना दोन प्रश्न विचारतो. ही परीक्षा आणखी कशाकशाने तशीच उतरते? आणि निरपराध माणसांवर ती करून पाहिली होती काय?

या प्रश्नांत आरोपीची कड घेण्यासारखे काही नाही. बर्मिंगहॅममध्ये २१ माणसे घरी परत आली नाहीत, आणि त्या स्फोटांबद्दल खऱ्या गुन्हेगारांपैकी एकालाही आजवर शिक्षा झालेली नाही. चुकीची माणसे आत होती तोवर खऱ्यांना शोधण्याची घाई कोणाला असणार?