दैनंदिन सायकलप्रवासाची सुरक्षितता : बिडकीन–छत्रपती संभाजीनगर मार्गाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

सायकल हे सामान्य माणसाचे वाहन आहे, असे आपण नेहमी म्हणतो. मात्र रस्त्याचे नियोजन करताना हाच सामान्य माणूस सर्वांत शेवटी आठवतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. शेती व घरगुती उद्योग वगळता अन्य कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते आणि मोटारसायकल-स्कूटरने जाणाऱ्यांचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. त्यानंतर दुचाकींची संख्या झपाट्याने वाढली हे खरे. तथापि बांधकामावरील मजूर, सुरक्षारक्षक, दूधवाले आणि शाळकरी मुले-मुली यांच्या जीवनातून सायकल गेलेली नाही. पहाटे हौसेने सायकल चालविणाऱ्या नागरिकांविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. पोटासाठी सायकल चालविणाऱ्यांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही.

सायकलस्वाराची सुरक्षितता त्याच्या स्वतःच्या शिस्तीपेक्षा रस्त्यावरील वाहनांच्या वेगावर व त्याला मिळणाऱ्या जागेवर अधिक अवलंबून असते आणि ही जागा रस्ता बांधतानाच राखून ठेवावी लागते, हे प्रस्तुत लेखात बिडकीनच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बिडकीनची बदलती परिस्थिती

पैठण तालुक्यातील बिडकीन हे गाव छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, पैठण रस्त्यावर वसलेले आहे. पंचक्रोशीतील शेतकऱ्यांची बाजारपेठ म्हणून ते ओळखले जाते. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेअंतर्गत शेंद्रा–बिडकीन औद्योगिक क्षेत्राची आखणी झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण करण्यात आले. टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू, एथर अशा कंपन्यांनी येथे प्रकल्प जाहीर केले आहेत. याचा साधा अर्थ असा की, ज्या रस्त्यावर पूर्वी एस. टी., जीप आणि उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्याच रस्त्यावर कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि पाळीवर जाणारे हजारो कामगार येणार आहेत. यांतील काही कामगार सायकलवर असतील, कारण नव्या उद्योगक्षेत्रात आधी येतो तो बांधकामाचा मजूर, आणि त्याच्याकडे दुचाकी असतेच असे नाही.

या रस्त्याची काही वैशिष्ट्ये ध्यानात घेणे आवश्यक आहे. तो एकाच वेळी महामार्ग आहे आणि नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन या वस्त्यांची मुख्य गल्लीही आहे. नाथषष्ठीला याच रस्त्याने दिंड्या पैठणला चालत जातात. अलीकडच्या वर्षांत रस्त्याचे चौपदरीकरण आणि जायकवाडीहून शहराकडे येणाऱ्या नव्या जलवाहिनीचे काम हाती घेतले गेले. अशी कामे चालू असतात तेव्हा सर्वप्रथम नाहीशी होते ती साईडपट्टी, आणि सायकलस्वाराची वाट म्हणजे तीच साईडपट्टी होय.

सायकलचा प्रश्न शहराच्या हद्दीत संपतो असा एक समज आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातील होते. शहरात कोंडी असते, त्यामुळे वेग आपोआप कमी होतो. शहराच्या वेशीबाहेर रस्ता मोकळा होतो, वेग वाढतो आणि वस्ती मात्र रस्त्याला चिकटूनच राहते.

वेगाचे गणित

वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ३० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन दुप्पट नव्हे, तर चौपट ऊर्जेने आदळते. थांबण्याचे अंतरही असेच वाढते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत चालकास धोका दिसून ब्रेक लावेपर्यंत अडीच सेकंद धरले जातात. तेवढ्या वेळात ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे २१ मीटर, तर ६० च्या वेगाचे सुमारे ४२ मीटर पुढे जाते. प्रत्यक्ष थांबण्यासाठी मानकांनी अनुक्रमे ३० व ८० मीटर अंतर गृहीत धरले आहे. ताशी १५ किलोमीटरने चाललेला, मागे दिवा नसलेला सायकलस्वार अंधारात ८० मीटरवरून दिसतो काय, हा यातील कळीचा प्रश्न आहे. बहुतेक वेळा तो दिसत नाही. म्हणूनच मागच्या मडगार्डवरील लाल रिफ्लेक्टर, पॅडलवरील पिवळे रिफ्लेक्टर आणि बॅटरीवर चालणारा लहानसा लाल दिवा या अगदी स्वस्त वस्तूंचे मोल मोठे आहे. पॅडलवरील रिफ्लेक्टर सतत वर-खाली हलत असल्याने समोर सायकल आहे हे चालकास चटकन ओळखता येते.

जागेचा प्रश्न

सायकलसाठी स्वतंत्र मार्ग असावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सायकलमार्गाविषयीची मानके प्रसिद्ध केली होती. ज्या रस्त्यावर तासाला २०० पेक्षा अधिक मोटारवाहने धावतात, तेथे गर्दीच्या तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो आणि तो किमान दोन मीटर रुंद असावा, असे त्यांत नमूद आहे. तासाला २०० मोटारवाहने ही संख्या आज कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर सहज ओलांडली जाते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या वहनाला महत्त्व द्यावे असे सांगितले. म्हणजे मानके होती, धोरणही होते, पण अंमलबजावणीत उणीव राहिली.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून गौरविल्या गेलेल्या पुण्याचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या बीआरटी मार्गाच्या जोडीने सायकलमार्ग करण्यात आले. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने व्यापक सायकल आराखडाही मंजूर केला. तरीही उभ्या केलेल्या गाड्या, हातगाड्या, विजेचे खांब यांमुळे अनेक ठिकाणी सायकलमार्ग वापरता येत नाही, आणि चौक आला की तो बहुधा संपतो. खरे तर धोका चौकातच सर्वाधिक असतो. आपल्याकडे ट्रकचालक उजवीकडे बसतो, त्यामुळे ट्रकच्या डाव्या अंगाचा बराच भाग त्याला दिसत नाही. सायकलस्वार नेमका त्याच बाजूला उभा राहतो. ट्रक डावीकडे वळू लागला की त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात व सायकल त्यांत सापडते. थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे न जाता मागेच थांबणे, एवढी एक सवयही प्राण वाचवू शकते.

सायकलस्वार उलट्या दिशेने येतात अशी तक्रार नेहमी केली जाते. ती खोटी नाही. परंतु दुभाजकातील मोकळी जागा एक किलोमीटरवर असेल, तर पायांनी वाहन चालविणारा माणूस दोन किलोमीटरचा वळसा घालणार नाही, हे रस्ता आखणाऱ्याने आधीच ओळखावयास हवे. त्याला केवळ बेशिस्त म्हणणे प्रस्तुत लेखिकेस न्याय्य वाटत नाही.

विद्यार्थिनी आणि सायकल

मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी साहाय्य दिले जाते. बिहारमध्ये २००६ पासून राबविलेल्या अशाच योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी लक्षणीयरीत्या वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. मात्र वाडी-वस्तीवरील मुलीला शाळेसाठी महामार्ग ओलांडावा लागत असेल आणि तेथे वाहनांचा वेग कमी करणारी कोणतीही व्यवस्था नसेल, तर पालक सायकल घरीच ठेवतात. पुढे अनेकदा शिक्षणही थांबते. सायकल देणारा विभाग आणि रस्ता बांधणारा विभाग यांचा परस्परांशी संबंध नसणे, ही या योजनेतील मोठी त्रुटी म्हणावी लागेल.

कायद्यातील स्थान

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सायकलला परवाना, नोंदणी वा विमा लागत नाही. ही सोय असली तरी तिच्यामुळे सायकलस्वाराची मोजदाद कोठेच होत नाही. धडक देऊन वाहन पळून गेल्यास १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. ती सायकलस्वारालाही लागू आहे. गावोगावच्या कुटुंबांना याची माहिती क्वचितच असते. ग्रामपंचायतीने ती फलकावर लावण्यास काहीच हरकत नसावी.

बिडकीनपुरते काय करता येईल

औद्योगिक क्षेत्रातील अंतर्गत रस्ते रुंद व आखीव आहेत. अडचण आहे ती जुने गाव आणि कंपन्यांची फाटके यांना जोडणाऱ्या दोन-चार किलोमीटरच्या टप्प्याची. त्या टप्प्यावर दोन्ही बाजूंस दोन मीटरची पट्टी, कठड्याने अलग केलेली, आणि गावाच्या दोन्ही वेशींवर वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत उतरविणारे उंचवट्याचे पादचारी पट्टे, एवढ्याची प्राधान्याने गरज आहे. त्यासाठी प्रथम सायकली मोजाव्या लागतील. आपल्याकडील वाहतूकगणना बहुधा मोटारवाहनांची होते, सायकलचा रकाना असला तरी तो घाईने भरला जातो. सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वीचा एक तास आणि शाळा सुटल्यानंतरचा एक तास अशी गणना महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आठवडाभरात पूर्ण करू शकतात. कंपन्यांची उत्पादने पूर्ण क्षमतेने सुरू होण्याआधी ही आकडेवारी रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेच्या हाती पडली, तर पट्टीची जागा आखणीतच ठेवता येईल; नंतर दुकाने व टपऱ्या उभ्या राहिल्यावर ती भूसंपादनावाचून मिळणार नाही.