आग विझली, आता पुढं काय? आधी पंचनामा, मग झाडू

छत्रपती संभाजीनगर : घराला आग लागली की सारं गाव धावून येतं. कुणी बोअरची मोटर चालू करतं, कुणी हंडे-कळशा घेऊन पळतं. दोन-तीन तासांत आग विझते, माणसं आपापल्या घरी जातात. मग त्या काळ्या भिंतींसमोर घरचे लोक उभे राहतात आणि हातात खराटा घेतात. इथंच पहिली चूक होते. साफसफाई दोन दिवस उशिरा झाली तर बिघडत नाही, पण पंचनाम्याआधी झाली तर मदतीचा पुरावाच कचऱ्यात जातो.

धूर हा आगीपेक्षा वाईट

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे शहरातील छावणी भागात कपड्यांच्या एका दुकानाला आग लागली. दुकानाच्या वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जणांचा जीव गेला. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, धूर पोहोचला होता. म्हणून आग विझली तरी धूर कोंडलेल्या खोलीत लगेच शिरू नका. दारं-खिडक्या उघडून घर मोकळं होऊ द्या. धुरात अडकलेल्या माणसाला खोकला, दम, घोगरा आवाज, डोकेदुखी किंवा गुंगी जाणवली तर दवाखान्यात न्याच. हा त्रास कधी कधी काही तासांनी, दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

घरात जाण्याआधी

मेन स्विच बंद आहे का ते बघा. वायर जळाली असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा. गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण दाबू नका, १९०६ वर फोन करा. आगीत तापलेली टाकी वरून चांगली दिसली तरी वापरू नका, एजन्सीला परत द्या. गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी भाजली असेल तर ती घरापासून लांब, उघड्यावर ठेवा. लिथियमची बॅटरी विझल्यावरही पुन्हा पेट घेऊ शकते.

आपल्याकडं सिल्लोड, पैठण, गंगापूर भागात कापूस घरातच साठवतात. कापसाची गंजी वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत राहते. ती सगळी बाहेर काढून, पसरून, पाणी मारून ठेवा.

कागद आधी

मोबाईलवर प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ काढा. जळालेलं सामान फेकू नका, एका बाजूला ठेवा आणि त्याची यादी करा. तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि पोलीस ठाण्याला लगेच कळवा. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी होण्याआधी पुरू नका. पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

आपत्ती मदतीच्या यादीत आगीचा समावेश आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातील पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये ठरले होते. दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५००, बैलाला ३२,००० आणि शेळीला ४,००० रुपये. प्रकरण निकषात बसतं का आणि आजचा दर काय, ते तहसील कार्यालयात विचारा.

आग गॅसमुळे लागली असेल तर एजन्सीला लेखी कळवा. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता भरावा लागत नाही. घरावर कर्ज असेल तर कर्जासोबत विमा काढला होता का, हे बँकेत विचारा.

जळालेल्या नोटा फेकू नका. थोड्या जळालेल्या नोटा बँकेत दाखवा. कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा नागपूरसारख्या कार्यालयात न्याव्या लागतात. अशा नोटा डब्यात कापूस घालून, न हलवता ठेवा.

घर राहण्याजोगं आहे का?

माळवदाच्या घरात तुळई आणि खांब बघा. वरचा कोळसा खरवडा आणि आत शाबूत लाकूड किती उरलं ते तपासा. स्लॅबचं काँक्रीट गुलाबीसर झालं असेल, पोपडे निघाले असतील किंवा लोखंड उघडं पडलं असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय खाली झोपू नका. गिलाव्यावर टिचकी मारा. पोकळ, बद्द आवाज आला तर तो सुटला आहे, पाडून टाका.

काजळी अशी काढा

काजळी तेलकट असते. तिच्यावर थेट पाणी मारलं की ती भिंतीत मुरते. तोंडाला मास्क, हातात मोजे घाला. आधी मऊ ब्रशनं, कोरड्या कापडानं न घासता टिपून काढा. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा साबणाची पावडर घालून भिंत खालून वर धुवा. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ कोरड्या काजळीवर उतरतात आणि ते डाग निघत नाहीत. मातीची भिंत धुऊ नका. खरवडून नव्यानं सारवा.

भिंत पूर्ण वाळल्यावर आधी ऑइल प्रायमर, मग रंग. नुसता चुना मारला तर काही दिवसांत पिवळे डाग आणि वास परत येतो.

वायरचं प्लास्टिक जळालं की आम्लाचा धूर निघतो. तो बोर्डात, पंख्यात, टीव्हीत शिरून तांबं खातो. म्हणून "चालतंय का बघू" म्हणत बटण दाबू नका, आधी वायरमनला दाखवा.

काय ठेवायचं, काय टाकायचं

उघडं पीठ, तेल, मसाले, औषधं, धूर लागलेलं धान्य टाकून द्या. ते जनावरांनाही घालू नका. स्टील, पितळ, तांब्याची भांडी घासून वापरता येतात. वितळलेलं प्लास्टिक आणि भाजलेली नॉनस्टिक भांडी नाही. पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं वाचलं असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघा. उष्णतेनं दाणा वरून चांगला दिसतो, पण मेलेला असतो. ही तपासणी आत्ता केली नाही तर नुकसान जूनमध्ये दुसऱ्यांदा होईल.

आधार, सातबारा, रेशनकार्ड जळालं म्हणून खचू नका, त्यांच्या नकला मिळतात. आज एक काम करा. घरातल्या सगळ्या कागदांचे फोटो काढून ते गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. आग लागल्यावर हे करता येत नाही.